हाताला कळणारी तक्रार

आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा सारा मुलूख एके काळी साताऱ्याच्याच दप्तरी होता. १९४९ साली दक्षिण सातारा या नावाचा जिल्हा वेगळा निघाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले आणि कागदोपत्री वाटणी पुरी झाली, पण मालमोटारींनी ही वाटणी कधी मानली नाही. कृष्णाकाठच्या ज्या सहकारी साखर कारखान्याच्या वाहन विभागात माझी उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्याच्या आवारात दोन्ही जिल्ह्यांच्या पाट्यांच्या गाड्या एकाच काळ्या चिखलाने माखून उभ्या असत, आणि त्यांच्या दुखण्यांतही जिल्हावार भेद करता येत नसे. गाडीविषयी बोलताना माणसे इंजिनाविषयी बोलतात. घाट कितव्या गिअरवर चढली, डिझेल किती प्याली, धूर काळा की निळा, या विषयांवर चहाच्या टपरीवर रात्री सरतात. पुढची चाके वळवणारे जे सांधे एक्सलच्या टोकांशी ग्रीस आणि धूळ यांच्या लेपाखाली निमूट काम करीत असतात, त्यांची आठवण मात्र गाडी वळेनाशी होईपर्यंत, किंवा नको तिकडे वळेपर्यंत, कोणालाही होत नाही. माझ्या वाट्याला हे विस्मृत सांधे आले, आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही.

विश्रामबागच्या ज्या महाविद्यालयात मी शिकलो, ते १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झाले आणि पुढे वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथे आम्हाला सुकाणूची भूमिती फळ्यावर शिकवली जाई. गाडी वळताना आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर चालते, म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे, नाहीतर दोहोंपैकी एक रस्त्यावर घासत जाते. हे साधावे यासाठी चाकांचे दोन्ही स्टेअरिंग आर्म असे तिरके ठेवतात की त्यांच्या रेषा मागे वाढवल्यास मागच्या एक्सलच्या मध्याजवळ मिळाव्यात. ही युक्ती १८१७ साली म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्या कारागिराने काढली, लंडनमध्ये त्याचा मुखत्यार असलेल्या आकरमनने पुढच्याच वर्षी तिचे पेटंट घेतले, आणि जगाने ती आकरमनच्या नावाने लक्षात ठेवली. मुखत्याराचे नाव मागे राहावे आणि कारागिराचे पुसले जावे ही वहिवाट सांगलीच्या हळदीच्या पेठेत मी इतकी पाहिली आहे, की तिकडच्या मुलखातही ती आढळावी याचे मला नवल वाटले नाही. फळ्यावरच्या त्या रेषा निर्दोष होत्या. कार्यशाळेत आल्यावर कळले, की फळ्यावरच्या सांध्यांना झीज नसते.

आमच्या कार्यशाळेत मिरजेचे एक वृद्ध मिस्त्री होते. लहानथोर सारे त्यांना उस्ताद म्हणत आणि मीही, हुद्द्याने त्यांच्या वर असूनही, उस्तादच म्हणे. त्यांची रीत कळायला आधी सांधा कळला पाहिजे. किंगपिन म्हणजे एक्सलच्या टोकाच्या डोळ्यातून उभी गेलेली पोलादी खुंटी. ती एक्सलमध्ये कॉटरने जखडलेली असते, स्वतः हलत नाही, तिच्याभोवती स्टब एक्सल फिरतो आणि त्याच्यावर चाक. स्टब एक्सलच्या वरच्या व खालच्या कानांत ब्राँझचे बुश बसवलेले असतात, फिरण्याचे घर्षण ते सोसतात. गाडीच्या पुढच्या अंगाचे ओझे थ्रस्ट बेअरिंगवर येते. दोष या सांध्यात आहे की चाकाच्या हबच्या बेअरिंगमध्ये, हे ओळखण्याची उस्तादांची रीत अशी, की एक्सलखाली जॅक लावून चाक अधांतरी करायचे, एक हात वर आणि एक हात खाली धरून ते आतबाहेर हलवायचे, आणि खडखड लागली म्हणजे क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगायचे. ब्रेक दाबताच खडखड थांबली, तर हबचे बेअरिंग ढिले; ब्रेक दाबूनही ती उरली, तर किंगपिन आणि बुश यांचा मामला. या परीक्षेला ना यंत्र लागे ना विजेचा दिवा, आणि तिचा निर्णय फिरवण्याचा प्रसंग मला आठवत नाही.

खुंटी काढणे हे वेगळेच प्रकरण असे. वर्ष वर्ष ग्रीस न मिळालेली किंगपिन एक्सलच्या डोळ्यात गंजून अशी एकजीव झालेली असे, की कॉटर काढून, गॅसने डोळा तापवून, पितळी ठोकणी वर धरून दोन माणसांनी आळीपाळीने घण घातला तरी ती तसूभर सरकत नसे. उस्ताद त्या वेळी जवळच्या लाकडी खोक्यावर बसून बिडी ओढीत आणि घणाचा आवाज बदलला की, "आता सुटली," एवढेच म्हणत. खुंटी त्यानंतर दोन घावांत निघे. खरी कसोटी नव्या बुशांची. ते दाबून बसवताना त्यांचे भोक ग्रीसच्या निपलच्या भोकाशी जुळवायचे आणि मग लांब रिमर वरच्या बुशातून खालच्या बुशात, दोन्ही एका सुतात राहतील अशा बेताने, फिरवीत न्यायचा. "साहेब, रिमरला जोर लावायचा नसतो, त्याला फक्त वाट दाखवायची," असे ते मला पहिल्याच हंगामात म्हणाले. रिमर काढून, बुश पुसून, तेल लावलेली नवी खुंटी वरून सोडायची: ती आपल्या वजनाने खाडकन खाली गेली तर बुश वाया, तिला हातोडी लागली तरीही वाया, अंगठ्याच्या एकसारख्या दाबाने, मध्ये कोठे अडखळल्यावाचून ती उतरत गेली म्हणजे काम पसंत. मग शिम घालून वरखालची मोकळीक फीलर गेजने मोजायची, आणि शेवटी चाक टेकवण्याच्या आधीच ग्रीस भरायचे, कारण ओझे बेअरिंगवर टेकल्यावर ते नको तिकडून बाहेर येते आणि हवे तिथे पोचत नाही. गावोगावच्या गॅरेजांत चाक जमिनीवर ठेवूनच ग्रीस मारण्याची जी पद्धत पडली आहे, तिने जितक्या किंगपिनी खाल्ल्या तितक्या घाटांनी खाल्ल्या नसतील.

घाटांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, की खंबाटकी किंवा कुंभार्ली यांच्या वळणांची आम्हाला तितकी धास्ती नव्हती. कराडहून पाटण-कोयनेवरून चिपळूणला उतरणारी गाडी ब्रेकचे लायनर घासून येई, पण पुढच्या सांध्यांना घाटात गती असते आणि गतीत वळणारे चाक हलके वळते. त्या सांध्यांचा खरा शत्रू म्हणजे पाटपाण्याने भिजलेले काळे रान. उसाने भरलेली गाडी फडातून पाणंदीवर काढताना पुढून ट्रॅक्टर साखळीने ओढीत असे, चाके चाकोरीत खोल रुतलेली, आणि चालक सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत मुरडीत असे. चाकोरी चाकाला एकीकडे दाबी आणि चालक दुसरीकडे, आणि हा सारा तंटा दोन्ही स्टेअरिंग आर्म जोडणाऱ्या टायरॉडच्या अंगावर निवडला जाई. टायरॉड वाकला की पुढचे टायर एका कडेने खाऊ लागत. यावर काही वाहनमालकांनी इलाज काढला होता तो असा, की टायरॉडला लोखंडी अँगल वेल्ड करून घ्यायचा, म्हणजे पुन्हा वाकायला नको. असा बळकट केलेला टायरॉड मला पहिल्यांदा पाहावयास मिळाला तेव्हा तो खरोखरच सरळ होता. मात्र ज्या स्टेअरिंग आर्मला तो जोडला होता, त्याच्या मुळाशी केसाएवढी चीर गेलेली होती. पूर्वी जो धक्का टायरॉड वाकून स्वतः सोसत होता, त्याने आता पुढचे घर गाठले होते. आणि टायरॉड वाकलेला दिसतो तरी, आर्मची चीर डोळ्याला दिसत नाही, ती तुटते तेव्हाच कळते. त्या दिवसापासून वेल्ड केलेला टायरॉड असलेली गाडी कारखान्याच्या ऊस वाहतुकीवर घ्यायची नाही, असा शेरा मी करारपत्राच्या तपशिलात घालून घेतला. त्यावरून मुकादमांपासून संचालकांपर्यंत अनेकांचा रोष ओढवला, तो गाळप हंगाम संपल्यावर आपोआप शमला.

पुढच्या अंगाची खरी सुधारणा पुढे पॉवर स्टेअरिंगच्या रूपाने आली. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून ज्या मालमोटारी काढल्या, तो करार १९६९ साली संपल्यावरही त्यांची घडण पुष्कळ वर्षे तीच राहिली, आणि त्यांचे सुकाणू फिरवणे हे निव्वळ खांद्याचे काम होते. म्हणून तर ते चक्र एवढे मोठे असे. पुढे पुणे जिल्ह्यात, संभाजी महाराजांच्या समाधीसाठी ज्ञात असलेल्या वढू बुद्रुक गावी, जर्मन धाटणीचे तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग बॉक्स होऊ लागले आणि नव्या गाड्यांबरोबर जुन्या गाड्यांनाही ते बसवून घेण्याची लाट आली. इंजिनावर पंप, चेसिसवर नव्या बॉक्ससाठी ब्रॅकेट, तेलाची टाकी, दाबाच्या नळ्या, मापाचा ड्रॉप आर्म, असा तो सारा सरंजाम. त्यासाठीची दरखास्त मीच लिहिली होती आणि तिच्यात चालकांच्या खांद्यांच्या दुखण्याचा परिच्छेद विशेष भर देऊन घातला होता. मंजुरी मिळाली, गाड्या एकामागून एक सजल्या, आणि पहिल्याच फेरीवरून परतलेला एक तरुण चालक गाडीतून उडी मारून म्हणाला, "साहेब, एका बोटावर फिरतंय!" ते खरेच होते. मला आनंद झाला, आणि आजही त्या निर्णयाविषयी मी किंतु बाळगीत नाही.

पण त्याच हंगामात एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. पूर्वी किंगपिनला ग्रीस कमी पडले की सुकाणू जड होई, आणि चालक दुसऱ्याच दिवशी कार्यशाळेच्या दारात तक्रार घेऊन उभा राही; टायरॉडचा एंड ढिला झाला की चक्र हातात थरथरे, आणि ती थरथर नोंदवहीत शाईने उतरे. आता तेलाचा दाब अडखळणाऱ्या खुंटीलाही वळवून नेत होता, थरथर बॉक्समध्येच विरून जात होती, आणि चालकाच्या बोटाला काहीच कळत नव्हते. भरीस भर म्हणून, उभ्या गाडीत चाके वळवण्याची जी गोष्ट पूर्वी कोणाच्या बापाला जमत नव्हती, ती आता सहज साधत होती. वजनकाट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या भरल्या गाड्यांची पुढची चाके डांबरावर करकरत फिरत, आणि त्या करकरीचा सारा भार एंडांच्या गोळ्यांवर आणि बुशांवर पडे. गाड्या सुरळीत चालत, तक्रारीची वही कोरी राही, आणि ज्या टायरनी पुरा हंगाम काढावा, ते अध्ये-मध्येच आतल्या कडेने सोलून येत. वही पाहून एका कारकुनाने माझे अभिनंदनही केले.

त्या कोऱ्या वहीने मला जितके अस्वस्थ केले तितके भरलेल्या वहीने कधी केले नव्हते. सुधारणेने दोष नाहीसा केला नव्हता, दोषाला बोलण्यापासून बेदखल केले होते. तेव्हा इलाजही त्याच जागी करावा लागला: जी गोष्ट हाताला आपोआप कळत होती, ती आता हुकमाने विचारून घ्यायची. दर पंधरवड्याला प्रत्येक गाडीचे पुढचे अंग जॅकवर चढवायचे, उस्तादांची ब्रेकची परीक्षा घ्यायची, ती चालकाच्या समक्ष घ्यायची आणि वहीत त्याची सही घ्यायची, असा नियम झाला. शिवाय चाके पुरी वळल्यावर ज्या बोल्टांना आर्म टेकतात, ते असे बसवले की आर्म टेकण्याच्या किंचित आधीच बॉक्समधला झडपेचा मार्ग उघडून दाब उतरावा. हे न करता बसवलेले कित्येक बॉक्स मी बाहेरच्या गाड्यांत पाहिले आहेत, आणि तिथे पंप वळणाच्या टोकाशी ओरडत असतो तो या कारणाने. हंगामाच्या ऐन गर्दीत गाडी तासभर उभी करणे म्हणजे कारखान्याच्या शेती खात्याशी रोजची हुज्जत होती. ती मी केली.

निवृत्तीनंतर साताऱ्यात राहावयास आल्यावर हे सारे प्रकरण मिटले असे मी समजत होतो, तोच धाकट्या भावाचा नातू एक रेडिओवर चालणारा छोटा ट्रक घेऊन माझ्यापुढे बसला. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा, जाड टायरांचा, स्प्रिंगच्या डँपरवर उसळणारा असा तो ट्रक अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या मुरमाड उतारावर उडवून आणल्यावर त्याचे पुढचे एक चाक लोंबत होते. मी भिंगातून पाहिले तेव्हा माझ्या ओळखीची सारी मंडळी तिथे प्लॅस्टिकच्या वेषात हजर होती: स्टब एक्सलच्या जागी ज्याला तो नकल म्हणे ती चीज, किंगपिनच्या जागी दोन बारीक स्क्रू, टायरॉडच्या जागी दोन टोकांना गोळ्या असलेली तार, आणि चालकाच्या जागी सर्व्हो नावाची काडेपेटीएवढी मोटर. नकलचा खालचा कान मोडला होता.

"आजोबा, मी ॲल्युमिनियमचे नकल मागवतो, म्हणजे परत मोडायचेच नाहीत," तो म्हणाला.

मी म्हटले, "माग. पण मग काय मोडेल, ते आधी मला सांग."

त्याला उत्तर सुचले नाही, आणि उत्तर सांगण्याची मलाही घाई नव्हती. ॲल्युमिनियमचे नकल आले, निळ्या रंगाचे, खरोखर देखणे. काही दिवसांनी ते ज्या खोबणीत फिरत ती खोबण तडकली. ती धातूची केली, तेव्हा आडवी हिंज पिन वाकली. पिन जाड घातली, तेव्हा धक्का थेट सर्व्होपर्यंत पोचला आणि त्याच्या पोटातले नायलॉनचे दाते उडाले. मुलगा धातूचे दाते असलेला सर्व्हो मागवण्याच्या विचारात होता, त्या वेळी मी त्याला तिथली एक लहानशी स्प्रिंग दाखवली, जी त्याने पहिल्याच सुधारणेत करकचून आवळून टाकली होती. सर्व्हो आणि तार यांच्यामध्ये ही स्प्रिंग मुद्दाम ठेवलेली असते. चाक दगडावर आपटले की ती क्षणभर माघार घेते, मोटर वाचते, आणि चाक पुन्हा आपल्या जागी येते. आवळलेली स्प्रिंग आम्ही सैल केली. किती सैल, यावर आमचा बराच वाद झाला. त्याला वळण चोख हवे होते, मला मोटर शाबूत हवी होती, आणि मध्ये कोठेतरी आम्ही थांबलो. एका बाजूचे प्लॅस्टिकचे नकल त्याने पुन्हा बसवले, दुसऱ्या बाजूला निळे राहू दिले, आणि कोणते आधी जाते ते पाहतो म्हणाला. या कुतूहलाचे मला कौतुक वाटले, कारण आमच्या खरेदी समितीत ते कधी आढळले नव्हते.

खेळण्यात काय मोडू द्यायचे हे ठरवता येते. भरल्या गाडीत काहीच मोडू देता येत नाही, म्हणून तिथे काय झिजू द्यायचे हे ठरवावे लागते. ब्राँझचा बुश खुंटीपेक्षा मऊ असतो तो याचसाठी. आमच्या समितीपुढे एकदा अधिक कठीण, अधिक टिकाऊ म्हणवणारे बुश आले होते, भावही कमी होता, आणि एका सभासदाने, "झिजतच नाहीत म्हणजे दर हंगामाला घ्यायलाच नकोत," असा बिनतोड हिशेब मांडला होता. मी त्यांच्यापुढे अशाच बुशांमध्ये फिरलेली एक खुंटी ठेवली. बुश नवा होता तसाच होता, खुंटीला मात्र बुशाच्या जागी नखाला लागेल असा खळगा पडला होता. आणि दोहोंच्या किमतीचा फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. ठराव बारगळला.

उस्तादांनंतर पुढच्या अंगाचे सारे ज्ञान ज्याच्यापाशी उरले, तो कार्यशाळेतला कोणी मिस्त्री नव्हता, खानापूर तालुक्यातला एक वयस्क चालक होता. त्याने आपल्या गाडीला पॉवर स्टेअरिंग बसवू देण्यास साफ नकार दिला होता. गाडी हातात बोलली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. ऐकणाऱ्याला हे म्हणणे फार सुंदर वाटे आणि तरुण अभियंते ते डोके हलवून ऐकत. पण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, फेटा बांधायला त्याला क्लीनर लागे, आणि ही किंमत गाडीच्या बोलण्यासाठी द्यावी असे मला कधीच पटले नाही. पावसाळ्यात गाड्या उभ्या असताना त्याला न विचारता मी बॉक्स बदलून घेतला. दसऱ्याला तो आला, चक्र फिरवून पाहिले, माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, आणि पंधरवड्याच्या तपासणीचा दिवस येण्याआधीच एका संध्याकाळी स्वतःच एक्सलखाली जॅक लावून, क्लीनरला ब्रेकवर बसवून, चाक हलवताना मला दिसला. डाव्या बाजूचा एंड गेला होता. "लिहून घ्या साहेब, आता तिला बोलता येत नाही," असे म्हणून त्याने वही मागितली.